कालच्या जाळाची ऊब

हेताच्या घराखाली तळघरात एक लोखंडी भट्टी होती. तिचा नवरा रेइनो याने ती हौसेने बसवली होती. वर मधल्या खोलीत जुनी दगडी चूल होती, भिंतीएवढी, अवजड. ती त्याने घणाने फोडून काढली, दगड तळ्याकाठच्या धक्क्यात घातले आणि शहरातल्यासारखी ही भट्टी आणवली. खाली जाळ करायचा आणि वर जमिनीतल्या जाळ्यांमधून गरम हवा घरभर खेळायची. पहिल्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातलं ते अख्खं सार्किवारा गाव ती बघायला येऊन गेलं. रेइनो प्रत्येकाला हाताला धरून जाळीवर उभं करायचा. बायकांचे घागरे फुगायचे आणि त्या हसत सुटायच्या.

रेइनो जाऊनही बरीच वर्षं झाली. आता घरात दोघंच उरली होती. पुढच्या बाजूला हेता आणि मधल्या भिंतीपलीकडच्या खोलीत तिचा अविवाहित दीर ताहवो. दोघांनीही साठी ओलांडलेली. गोठ्यात मान्सिक्की नावाची एक गाय होती. आणि ती भट्टी होतीच. तिची भूक काही केल्या भागत नसे. सकाळी भरा, दुपारी भरा, संध्याकाळी भरा, आणि पहाटे उठावं तर जाळीतून थंडगार झुळूक यायची.

"मान्सिक्की बरी," ताहवो म्हणायचा. "ती खाते तर निदान दूध तरी देते."

"भाऊजी, तुमच्या भावाची निशाणी आहे ती."

"आहे ना. त्याचीही भूक अशीच होती."

लाकूडतोड ताहवोकडे होती. बर्फ वितळायच्या आत झाडं पाडायची, उन्हाळाभर फोडून वाळत ठेवायची, हा त्याचा नेम होता. पण त्या वर्षी वसंतात त्याच्या खुब्याने दगा दिला. जंगलात तो ओंडक्यावरून पडला आणि कुबड्या घेऊनच उन्हाळा काढला. लाकडं शेवटी पानगळीच्या दिवसांत कशीबशी तोडून झाली. ओली, जड, टोकाला पाणी सुटणारी. नोव्हेंबरातच हेताच्या लक्षात आलं, की रास वसंतापर्यंत पुरणार नाही. मग ती काटकसर करू लागली. काटकसर म्हणजे काय, तर भट्टी गच्च भरायची आणि हवेची झडप जवळजवळ बंद करून टाकायची. जाळ पेटायचा नाही, नुसता धुमसत राहायचा. लाकूड हळू जळतं म्हणजे ते वाचतं, असं तिला वाटे. धुरांड्यातून पिवळसर जाड धूर निघून घरावर लोळत राहायचा. भट्टीच्या दारावर डांबरासारखा काळा, चिकट थर धरू लागला. तो हेता सुरीने खरवडून काढायची. धुरांड्याच्या आत काय साचतंय, ते कोण बघणार?

जानेवारीत एका दुपारी अशी थंडी पडली, की खिडकीच्या आतल्या काचेवर बर्फाची नक्षी उमटली. हेता खाली गेली, भट्टीत बर्च झाडाच्या सालीचे दोन हातभर तुकडे कोंबले आणि हवेची झडप सताड उघडली. म्हटलं, आज एक दिवस तरी ऊब मिळू दे.

ती जिन्यात असतानाच आवाज सुरू झाला. आधी भिंतीत कोणी कुजबुजतंय असं वाटलं. मग गुरगुर. मग संबंध घर हंबरायला लागलं. कपाटातल्या कपबश्या किणकिणू लागल्या. मधल्या भिंतीवर तिने हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला.

"वहिनी, बाहेर," ताहवो दारात उभा राहून म्हणाला. त्याचा आवाज अगदी शांत होता. "धुरांड्यातली काजळी पेटलीय."

तो कुबडी टाकून तळघरात उतरला, भट्टीच्या सगळ्या झडपा घट्ट बंद केल्या, फटींवर ओली पोती दाबली आणि वर आला. हेताने गाय सोडून अंगणाच्या टोकाला नेली होती. दोघं बर्फात उभी राहून वर बघू लागली.

हिवाळ्यातला तोकडा दिवस संपून सूर्य नुकताच जंगलामागे गेला होता. निळ्या अंधारात धुरांड्याच्या तोंडातून जाळाचा एक खांब सरळ वर उभा होता, माणसाच्या दुप्पट उंच. तो लवत नव्हता, लपलपत नव्हता, भोकाड पसरल्यासारखा एकसारखा आवाज करत उभा होता. ठिणग्या आकाशात चढून विझत होत्या. त्या छपरावरच्या जाड बर्फावर पडल्या की चर्र होत होतं. हेताला भीती वाटायला हवी होती, ती वाटतही होती. पण त्याहून मोठं काहीतरी तिच्या छातीत भरून आलं होतं. इतके महिने आपण हाताने भरलेली लाकडं, जी आपल्याला नीट ऊब देत नव्हती, त्यांच्यात एवढं सगळं होतं तर. ते सगळं आत साठत बसलं होतं आणि आज एकदमच निघून चाललं होतं.

"केवढं आहे हो," ती म्हणाली.

"आहे खरं," ताहवो म्हणाला. त्याने टोपी काढून हातात धरली होती. ती कधी काढली, ते त्यालाही कळलं नसावं.

आगीचा बंब तळ्यापलीकडून येईपर्यंत जाळ आपला आपणच बसला. घर वाचलं, ते छपरावरच्या बर्फामुळे. पण धुरांडं वरपासून खालपर्यंत तडकलं होतं. तपासायला आलेल्या माणसाने दिव्याच्या उजेडात भेग दाखवली आणि म्हणाला, की आता यात काडीसुद्धा पेटवायची नाही.

हेताची मुलगी आउने शहरात राहायची. तिने फोनवर सांगितलं, "आई, दोघंही इकडे या. इथे भिंतीवरचं बटण फिरवलं की गरम होतं."

"आणि मान्सिक्की?"

"विकून टाक."

"तिला विकायचं आणि मग मी तुझ्या तिसऱ्या मजल्यावर बसून काय करू?"

ताहवो तर कुठेही जाणार नव्हताच. मग गायीच्या निमित्ताने दोघंही राहिली. राहायला जागा एकच होती, तळ्याकाठची धुराची सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफेने अंघोळ करायची खोली. रेइनोच्या आजोबांनी बांधलेली, काळ्या ओंडक्यांची, धुरांडं नसलेली. कोपऱ्यात नुसताच गोल दगडांचा ढीग आणि त्याच्या पोटात जाळ करायची जागा. जाळ केला की धूर खोलीतच भरायचा आणि दारातून, भिंतीतल्या झरोक्यातून निघून जायचा. पूर्वी दर शनिवारी ती पेटवत. अलीकडे सणासुदीलाच. हेता आतल्या खोलीत बाकावर झोपू लागली आणि ताहवो बाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत, मधलं दार किलकिलं ठेवून.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. शेजारीण लेम्पी बर्फावरची ढकलगाडी घेऊन, दुधाचं निमित्त काढून आली. तिने आत डोकावून दोन अंथरुणं बघितली, मधलं दार बघितलं आणि मग हेताकडे बघितलं.

"बाई गं, या वयात."

"या वयात थंडी जास्त वाजते, लेम्पी."

"मी कुठे काय म्हणाले? मी म्हटलं, ताहवो आयुष्यभर कुणाच्या हाती लागला नाही, आणि शेवटी सौनेत सापडला."

ताहवो बाहेर मासे साफ करत होता. तो मान वर न करता म्हणाला, "लेम्पीबाई, तुम्ही चाळीस वर्षं खिडकीतून नजर ठेवलीत म्हणून लागलो नाही हाती."

लेम्पी खूश होऊन घरी गेली. पुढचे आठ दिवस तिला बोलायला पुरेल एवढं मिळालं होतं.

त्यांचा एक क्रम बसला. सकाळी जाळ पेटवायचा, सरळ, उघड्या हवेने, कारण सौनेला झडपच नव्हती. धुराने खोली भरली की दोघं गोठ्यात जाऊन गायीशेजारी बसायची, कॉफी प्यायची, काळ्या पावाला लोणी लावून खायची. जाळ विझला, निखारे काळे झाले, की दार उघडून धूर बाहेर काढायचा, मग झरोका आणि दार दोन्ही बंद. त्यानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत काडी लावायची नाही. लावायची गरजच पडत नसे. मऊ, दाट ऊब दिवसभर, रात्रभर खोलीत राहायची. भट्टीची ऊब डोक्यावर चढायची आणि पाय गार ठेवायची. ही अंगाला सगळीकडून लागायची, जशी गोठ्यात गायीच्या पोटाला टेकून बसलं की लागते.

हेताला त्यात पहिल्यांदा काही विशेष वाटलं नाही. सौना गरम असायचीच, त्यात काय. मग एका सकाळी, नवा जाळ करण्याआधी, राख काढायला ती वाकली आणि तोल सावरायला तिने दगडांवर हात टेकला. हात झटकन मागे घ्यावा लागला. तिने पुन्हा, सावकाश, तळवा जवळ नेला. दगड तापलेले होते. बाहेर झाडं थंडीने तडतडत होती, काल दुपारी विझलेली राख गार होती आणि दगड तापलेले होते.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. लग्न होऊन आल्यापासून ती या दगडांवर पाणी ओतत आली होती. तिचा पहिला मुलगा, जो दोन महिने जगला, तो त्या काळच्या रीतीप्रमाणे याच खोलीत जन्मला होता. त्या दिवशीही हे दगड असेच तापलेले असणार. तिने त्यांच्याकडे असं कधी बघितलंच नव्हतं.

"भाऊजी," तिने हाक मारली. "रोज किती लाकूड घेता तुम्ही इथे?"

"एक कवळ, कवेत मावेल तेवढं. कधी त्याहून कमी."

"आणि भट्टीला?"

ताहवो दारात आला. तिचा हात दगडांवर धरलेला बघून तो समजला. तो चौकटीला टेकला. मग म्हणाला, "वहिनी, घरातली जुनी चूल अशीच होती. आई पहाटे एकदा पेटवायची, भाकऱ्या भाजून झाल्या की झाकायची. दुसऱ्या दिवशी मी तिच्या पाठीला पाठ लावून शाळेचे मोजे वाळवायचो."

"मग रेइनोने फोडली तेव्हा बोलला का नाहीत?"

"घर त्याचं होतं. आणि तो इतका खूश होता." त्याने चौकटीवरचं बर्फ नखाने काढलं. "त्या दिवशी मी मासे पकडायला गेलो होतो. आवाज तिथेही येत होता, तळ्यावर."

हेताला आठवलं, त्या संध्याकाळी ताहवो एकही मासा न घेता परतला होता आणि रेइनोने त्याची थट्टा केली होती. ती स्वतःही हसली होती.

बर्फ फुटल्यावर, तळ्यात पहिल्या होड्या निघाल्या तसा ताहवो, आता कुबडीशिवाय, पैलतीरी जाऊन उर्पोला घेऊन आला. जुनी चूल उर्पोच्या वडिलांनी बांधली होती. उर्पो स्वतः आडवातिडवा, मोठ्या आवाजाचा, आणि काम सुरू करण्याआधी जेवणारा माणूस. त्याने हेताचं माशाचं कालवण दोनदा वाढून घेतलं, मग उठून तडकलेल्या धुरांड्याभोवती फिरला.

"काकी, काय पाहिजे तुम्हाला?"

"मला सौनेसारखं घर पाहिजे," हेता म्हणाली. तो हसेल, असं तिला वाटलं होतं.

उर्पो हसलाच, पण मग धुरांड्यावर हात टेकून म्हणाला, "बरोबर मागितलंत. फक्त धूर आपण बाहेर सोडू. आणि सोडण्याआधी त्याला जरा फिरवू."

चूल मधल्या भिंतीतच उभी करायची ठरली, अर्धी हेताच्या बाजूला, अर्धी ताहवोच्या. उर्पोने जवळच्या खाणीतला राखाडी मऊ दगड आणला, ज्यावर नखाचा ओरखडा उठतो पण जो जाळाला भीत नाही. धक्क्यात घातलेले जुने दगडही ताहवोने पहारीने उचकटून काढले. त्यावर शेवाळ चढलं होतं. ते नव्या चुलीच्या पायव्यात गेले. तडकलेलं धुरांडं उतरवून नवं चढवलं. उन्हाळाभर काम चाललं. हेता रोज येऊन बघायची. जाळाची खोली अरुंद आणि उंच होती. तिच्या डोक्यावर आणखी एक खोली, आणि तिथून दोन्ही कुशींना खाली उतरणाऱ्या दोन वाटा.

"हे खाली कशाला?" तिने विचारलं. "धूर वर जातो."

"आत गेल्यावर आधी वर जातो. मग मागून जोर येतो म्हणून खाली उतरतो. उतरताना दगडाला अंग घासत जातो, आणि असेल नसेल तेवढी ऊब देऊन टाकतो. अगदी तळाशी पोचला, की मग धुरांड्यात."

हेताने त्या अंधाऱ्या वाटेत खांद्यापर्यंत हात घालून बघितला. धूर खाली उतरतो, ही गोष्ट तिच्या मनात काही केल्या बसेना. पाणी डोंगर चढतं असं कुणी सांगावं तसं ते होतं.

मजुरीच्या हिशेबात उर्पोने तळघरातली भट्टी भंगारासाठी मागितली. दोन माणसांनी ती दोर लावून वर ओढली. दिवसाच्या उजेडात ती लहान दिसत होती. हेताने तिच्या दारावरची राख एप्रनच्या टोकाने पुसली आणि म्हणाली, "घेऊन जा." मग ती मान्सिक्कीचं दूध काढायला गेली आणि नेहमीपेक्षा बराच वेळ तिथे बसली.

पानं पिवळी होईतो दगड सुकवायला रोज छोटे जाळ केले. मग एका थंड सकाळी उर्पो खास पहिल्या खऱ्या जाळासाठी आला. ताहवोने दोन उन्हाळे वाळलेल्या लाकडाचा, एका पडक्या कोठारातून मिळालेला, साठा काढला होता. ढलप्या बारीक फोडलेल्या, एकमेकींवर आपटल्या की टणटणणाऱ्या.

"एक कवळ," उर्पो म्हणाला. "हवा सगळी उघडी. लाकूड दडपून धुमसवायचं नाही, त्याला मनासारखं जळू द्यायचं. निळी ज्योत पूर्ण गेली, निखारा काळा झाला, की वरची झडप बंद. त्याआधी बंद केलीत तर विषारी वायू घरात कोंडेल, सकाळी तुम्हाला उठवायला मलाच यावं लागेल, आणि तुम्ही उठणार नाही."

जाळ पेटला आणि आत एक स्वच्छ, पांढुरका लोळ उभा राहिला. तो वर गेला, कमानीला लागला आणि दोन्हीकडे वळला. काचेच्या दारातून हेताला दिसलं, की खरोखरच ज्योतींची टोकं खाली वाकताहेत. ती खुर्ची ओढून समोर बसली. तिने कॉफी विचारली नाही, कुणी तिला मागितलीही नाही.

सगळं जळून गेलं, झडप बंद झाली. हेताने दगडावर हात ठेवला. तो गार होता. उर्पो जेवून होडीने निघून गेला. तिने पुन्हा हात ठेवला. किंचित कोमट. रागावून पाठ फिरवून बसलेलं माणूस हळूहळू आपल्याकडे वळावं, तसा तो दगड दुपारभर वळत राहिला. संध्याकाळी तिने अंगातला स्वेटर काढून ठेवला. सकाळी जाग आली तेव्हा पायांखालची जमीनसुद्धा गार नव्हती. भिंतीपलीकडून ताहवोच्या घोरण्याचा आवाज येत होता. इतक्या उशिरापर्यंत तो झोपलेला तिने आयुष्यात ऐकला नव्हता.

फेब्रुवारीत कडाक्याच्या थंडीची लाट आली. शाळा बंद झाली, बस बंद झाली. एका सकाळी हेता ताहवोच्या मोज्याला ठिगळ लावत होती, तर दार धाडकन उघडलं आणि लेम्पी आत आली. भुवयांवर बर्फ, तोंडावर शाल, मागे तिचा नवरा फावडं घेऊन.

"जिवंत आहात," लेम्पी म्हणाली आणि बाकावर बसली.

"का गं? काय झालं?"

"तुमच्या धुरांड्यातून धूर नाही. काल दुपारपासून बघतेय मी. काल वाटलं विझला असेल, पेटवतील. आज सकाळीही नाही. मी ह्यांना म्हटलं, गेली दोघंही, गोठून गेली. फावडं घ्या." ती थांबली. तिने हेताकडे बघितलं, मग पातळ सदऱ्यावर, अनवाणी पायांनी दुसऱ्या खोलीतून आलेल्या ताहवोकडे. "तुम्ही अशी कशी बसलात?"

"काल सकाळी पेटवली होती," ताहवो म्हणाला. "आज अजून पेटवायचीय. बघत असाल तर तुमच्यासमोर पेटवतो. पण धूर फार दिसायचा नाही, पहिला घडीभरच."

लेम्पीच्या नवऱ्याने फावडं भिंतीला टेकवलं, हातमोजा काढला आणि दगडावर तळवा ठेवला. मग दुसरा हातमोजा काढून दुसराही. तो तसाच उभा राहिला, चर्चमध्ये वेदीपुढे उभा राहतो तसा, डोकं खाली घालून. लेम्पीने शाल सोडली, कोट काढला, आणि पाठ फिरवून दगडाला टेकली. हेता तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. वाक्य आलं नाही. लेम्पीने डोळे मिटले होते आणि तिच्या भुवयांवरचा बर्फ वितळून गालांवर उतरत होता.

ताहवोने ढलप्या रचल्या आणि सालीचा तुकडा पेटवला. चौघांनी मिळून बघितलं, ज्योती वर गेल्या, वळल्या आणि खाली वाकल्या.

"माझ्या आईच्या घरी अशी होती," लेम्पी शेवटी म्हणाली, अगदी हळू. "मी विसरूनच गेले होते."

जाळ रंगात आला तेव्हा हेता शाल गुंडाळून एकटीच अंगणात गेली. श्वास घेतला की नाकात बोचत होतं. लाकडाची रास गोठ्याच्या भिंतीशी होती, आणि हिवाळा अर्ध्याहून अधिक सरला तरी तिच्या फक्त एका टोकाला हात लागलेला होता. त्यामागे टेकडीवर जुन्या बर्चची रांग पांढरी उभी होती. ती यंदा तोडायची नाही, असं ताहवोने परवाच सहज सांगून टाकलं होतं.

तिने मान वर केली. धुरांड्यातून धूर येत नव्हता. तोंडावर फक्त हवा थरथरत होती, इतकी स्वच्छ, की तिच्यातून पलीकडचं आकाश दिसत होतं, किंचित हलणारं. घरात तीन माणसं उबेत बसली होती, आणि बाहेर त्याची खूण म्हणून एवढाच थरकाप. पाय बधिर होईपर्यंत ती बघत उभी राहिली. मग आतून लेम्पीचा आवाज सुरू झालेला ऐकू आला, आणि ती कॉफी टाकायला आत गेली.